लाल रिमांची पुढारीगिरी

हसू नका म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही, तुम्ही हसणारच. पण सायकलच्या रिमा रंगवल्या आणि मी गिरणी कामगारांचा पुढारी झालो, हे ऐकताना हातातली कपबशी सांडली तर मला बोल लावू नका. 

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. सोलापुरातल्या एका कापडगिरणीत, कामगारांची हजेरी मांडणाऱ्या टाईम ऑफिसात मी कारकून होतो. टेंपररी. तीन वर्षं झाली तरी टेंपररीच. त्या महिन्यात मला कायम करायचं मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं होतं. एवढंच म्हणाले, "माने, माणूस कसा टापटीप पाहिजे."

मी स्वतःकडं बघितलं. कपडे इस्त्रीचे, भांग सरळ. मग नजर सायकलवर गेली. रिमांचं निकल उडून नुसता गंज चढलेला. म्हटलं, हिच्यापायी नोकरी जायची.

आता शहाणा माणूस काय करेल? दुकानात टाकेल. पण आपला स्वभाव पडला आडमुठा. घरी होतंय त्याला दुकान कशाला?

शेजारी अंबय्या राहायचे, हातमागवाले. त्यांच्याकडं लाल ऑईलपेंटचा अर्धा डबा पडून होता. "युनियनच्या खांबाला लावून उरला की. न्या, न्या," म्हणाले. युनियन वगैरे माझ्या कानात शिरलंच नाही. फुकट मिळतोय, एवढंच शिरलं.

रविवारी सायकल सीटवर उलटी उभी केली. पॉलिश पेपरनं गंज घासला, रॉकेलनं पुसून काढला. मग ब्रश नुसता टेकवून धरला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. रिम आपली आपण रंगत गेली. ही युक्ती जगात मलाच सुचली, अशा तोऱ्यात मी होतो.

बायको दारात येऊन म्हणाली, "अवो, लाल कशाला पण? नवरीवानी दिसायलीय."

"तुला रंगातलं काय कळतंय?"

तिला नसेल कळत, पण सगळ्या सोलापूरला कळत होतं. ते मला सोमवारी समजलं.

गिरणीकडं जाणारा रस्ता जरा उताराचा. लांबूनच दिसलं, गेटवर दोन-तीनशे कामगार लाल झेंडे घेऊन उभे. बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतात त्यांना, कायम करा, ही मागणी. म्हटलं उतरून बाजूनं जावं, म्हणून ब्रेक दाबला. ब्रेकचं रबर कच्च्या रंगावरून लोण्यासारखं घसरलं. पुन्हा दाबला. सायकल आणखीनच जोरात.

मी जिवाच्या आकांतानं घंटी वाजवतोय, "सरका, सरका" म्हणून ओरडतोय. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आरं, माने आलं! चाकं बघा की, टाईम ऑफिस बी आपल्यात आलं." गर्दी दुभंगली. नुसती वाट दिली असती तर उपकार झाले असते. ते सगळे घोषणा देत माझ्या मागं पळत सुटले.

ऑफिसचा माणूस म्हणून वॉचमननं गेट उघडलं. मी पुढं, मोर्चा मागं, असे आम्ही थेट मॅनेजरसाहेबांच्या कुंड्यांत जाऊन थांबलो.

साहेबांनी आधी चाकं बघितली, मग गर्दी, मग मला.

"साहेब, ब्रेक लागला नाही."

"दिसलं. जा आत."

घरी आलो ते हातपाय गाळूनच. रंग तर बदलायलाच हवा. पण कोणता? भगवा लावावा तर एकाचा, निळा लावावा तर दुसऱ्याचा. आमच्या गावात रंग म्हटला की त्याच्यामागं झेंडा उभाच. शेवटी डोकं चाललं. काळा. सायकल काळी, रिमा काळ्या, कोण बघतंय? मंगळवारीच लावून टाकला. ह्या खेपेला ब्रेकची जागाही सोडली. हुशार माणूस तीच चूक दोनदा करत नाही, नवी करतो.

गुरुवारी गिरणीचे शेटजी मुंबईहून आले. मी गेटवर पोचलो आणि पाहतो तर काय, सगळ्या कामगारांच्या हातात काळे झेंडे.

सिद्रामअप्पा म्हणून त्यांचे म्होरके होते, सगळ्यात जुने. ते माझ्या चाकांकडं बघतच राहिले. "काळ्या झेंड्याचं आमचं काल ठरलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आन् ह्या वाघानं परवाच रंगवून ठिवलंय. लई पुढचं बघतोय गडी."

मॅनेजरसाहेब शेटजींच्या कानाशी लागले. शेटजी म्हणाले, "म्होरक्यांबरोबर त्या सायकलवाल्यांनाही आत बोलवा."

मी हळूच सायकल मागं वळवली. सिद्रामअप्पांनी मला दंडाला धरून नेलं म्हणून आत तरी पोचलो. बोलणी तेच करत होते. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. ऑफिसही कामगारांना मिळालं असं शेटजींना वाटलं असावं, कारण अर्ध्या तासात त्यांनी मान हलवली. सगळे बदली कामगार त्याच दिवसापासून कायम.

मग शेटजी माझ्याकडं वळले. आवाज एकदम मऊ. "आणि कारकुनांचं काय? तुमच्यातही कोणी टेंपररी असतील. मागा, आजच देतो."

सिद्रामअप्पांनी मला कोपरानं ढोसलं. तुम्हीही ढोसलं असतं. पण माझी खात्री पटली की हा सापळा आहे. मी पुढारी नाही, हे सिद्ध करायची एवढीच वेळ आहे.

मी ताडकन उभा राहिलो. "साहेब, आम्हा कारकुनांची काहीही मागणी नाही. आम्ही अगदी सुखात आहोत."

शेटजींनी कोरा कागद पुढं सरकवला. "लिहून द्याल?"

"आत्ता देतो, साहेब."

दिलं की लिहून. माझं अक्षर तेव्हा मोत्यासारखं होतं. खाली सही केली आणि सवयीनं सहीखाली हुद्दाही लिहिला, टेंपररी कारकून.

शेटजींनी तो हुद्दा दोनदा वाचला. मग चष्मा काढून मला विचारलं, "नक्की?"

मी म्हणालो, "शंभर टक्के, साहेब."