टिटवी, गाय आणि फलक

तलासरीजवळच्या आमच्या कुरणात मी ऐन आणि मोहाची झाडं वाढवली आहेत. त्यांच्यामधल्या गवतात आमची गाय चरते. झाडांमुळे पक्षी आले आणि पक्ष्यांमागून पाहुणे. यंदा एक साहेब चार माणसं आणि वन्यजीव वाचवण्याचा फलक घेऊन आले. तो रोवायला त्यांनी नेमका तोच मोकळा, खडकाळ तुकडा निवडला, जिथे टिटवीने उघड्यावर अंडी घातली होती.

बायको म्हणाली, "साहेब, तिथे अंडी आहेत. फलक इकडे शेणाच्या ढिगापाशी लावा."

"वहिनी, आधी गायीला हाकला. तिचा पाय पडेल."

"ती रोज इथेच चरते. तिचा नाही पडत, तुमचा पडेल."

साहेब हसून पुढे सरकले. टिटवी ओरडत थेट त्यांच्या टोपीवर झेपावली, तसे ते मागे आले. फलक शेणापाशी लागला. साहेबांचं भाषणही तिथेच झालं, नाकाला रुमाल लावून, त्यामुळे थोडक्यात आटपलं.

सगळे गेल्यावर गाय चरत अंड्यांकडे निघाली. टिटवी पंख पसरून समोर उभी राहिली. गायीने मुकाट्याने वाट बदलली, फलकापाशी गेली आणि आरामात पाठ खाजवून घेतली.