बरडावरचा खांब

भाऊ गेला त्या हिवाळ्यात आम्हाला कोणी काहीही विचारलं तरी आम्ही हाव म्हणायचो. दूधवाल्यानं विचारलं, दूध वाढवू का, तर आई हाव म्हणाली. ते दूध पिणारं घरात कोणी नव्हतं. कापसाच्या पऱ्हाटीवर फवारणी करताना औषध भावाच्या अंगात भिनलं होतं. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं वाटते. सकाळी दवाखान्यात नेलं, आणि तिथून तो जिवंत परत आला नाही. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. वहिनी आमच्याच घरी राहिली. तिला कोणी राहा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही.

अशात एक जीप आली. कापूस वेचणीचे दिवस होते. जीपमधून उतरलेल्या साहेबानं बाबांना विचारलं, टेकडीवरचं वावर तुमचंच का?

टेकडीवरचं म्हणजे आमचं बरड. आमच्या वस्तीतल्या बौद्ध घरांना जमिनी मिळाल्या त्या अशाच, गावानं सोडून दिलेल्या. खाली नाल्याकाठी थोडी बरी पट्टी होती, तिथं कापूस व्हायचा. वर नुसती दगडांची गोटाड, तूरही कशीबशी येणारी. पण तिथं वारा फार. साहेब म्हणाला, कंपनी या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या करायचा विचार करते आहे. आधी वर्षभर वारा मोजावा लागेल. त्यासाठी एक उंच खांब तुमच्या वावरात उभा करू का?

बाबा हाव म्हणाले. आईनं विचारलं, "चहा घेसान ना?"

कधी आमच्या वस्तीत न फिरकणारी माणसं त्यानंतर आमच्या घरी येऊ लागली. पवनचक्की आली तर सडक येईल, कोणाकोणाची जमीन घेतील, पोरांना नोकरी देतील का, असं विचारायची. ग्रामपंचायतीसमोर बैठक झाली तेव्हा बाबांना पुढं खुर्ची दिली. मी आईजवळ मागं उभी होते. एक म्हातारे उठून म्हणाले, "ते पंखे ढगं पयवतात म्हन्ते. मंग आमच्या सोयाबीनचं काय? तुम्ही कायले हाव म्हटलं?"

"मले काय समजते त्यातलं," बाबा म्हणाले. एरवी बाबा तावातावानं बोलणारे. त्या दिवशी ते खुर्चीत बसून राहिले आणि बैठक संपल्यावरही त्यांना उठायचं लक्षात नव्हतं. आईनं जाऊन हात धरून उठवलं.

खांब उभा राहिला. बारीक, पण गावातल्या कोणत्याही झाडापेक्षा उंच, चारी बाजूंनी तारांनी ताणलेला. वर वारा मोजणाऱ्या छोट्या वाट्या गरगरा फिरायच्या. रात्री कंपनीचा चौकीदार राहील, पण तारा चोरीला जाऊ नयेत म्हणून दिवसा राखायला घरातलंच कोणी माणूस पाहिजे, असं साहेब म्हणाला. बाबा म्हणाले, माह्याच्यानं रोज टेकडी चढणं होत नाही. वहिनी कपबश्या उचलायला आली होती. ती म्हणाली, "मी बसतो."

साहेबानं बाबांकडं पाहिलं. बाबा हाव म्हणाले.

वहिनी सकाळी भाकर बांधून वर जायची आणि दिवस बुडता बुडता परत यायची. वस्तीत बोलणं सुरू झालं. शेजारची काकू आईजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "जवान पोरगी दिवसभर एकटी बरडावर. लोकं बोलून राह्यले."

"बोलू दे," आई म्हणाली. तिला राग आला नव्हता. ती लसूण सोलत होती, सोलत राहिली.

मी तेव्हा महागावला कॉलेजात जायचे. सुट्टीच्या दिवशी वर जाऊन वहिनीजवळ बसायचे. ती पळसाखाली बसलेली असायची, खालच्या कापसाकडं पाठ करून. एकदा मी विचारलं, "वहिनी, इथं दिवसभर करता काय?"

"काही नाई."

"करमते?"

"घरी सारे माह्या तोंडाकडं पायतात, बाई. रडली का, जेवली का. इथं कोणी पायत नाई." थोड्या वेळानं म्हणाली, "मले रडूच येत नाई. कोणाले सांगू नको."

मलाही येत नव्हतं. मी तिला ते सांगितलं नाही. आम्ही दोघी त्या फिरणाऱ्या वाट्यांकडं पाहत बसलो.

आषाढात एका दुपारी वहिनी धावत घरी आली. वाऱ्यानं एक तार ढिली झाली होती आणि खांब डुलत होता. साहेबाला फोन करायला फुलसावंगीला जावं लागलं असतं. बाबांनी हातोडा घेतला आणि गुडघ्याची तक्रार न करता टेकडी चढले. मी मागून गेले. वारा इतका की उभं राहवत नव्हतं. वहिनीनं तार दोन्ही हातांनी ताणून धरली आणि बाबा खुंटी ठोकू लागले.

"धरून ठेव, पोरी," बाबा ओरडले.

आजवर त्यांनी तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं. सुनेशी ते बोलायचेच कमी. खुंटी बसली. वहिनीच्या तळहातांवर रक्ताचे वळ उठले होते. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा फाडून तिच्या हातांना बांधला. घरी आल्यावर, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, बाबांनी आपण होऊन जेवायला मागितलं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब परत आला. म्हणाला, इथं वारा आहे, पण कंपनीला पाहिजे तेवढा नाही. पवनचक्क्या इथं होणार नाहीत.

बाबा हाव म्हणाले. गावात कोणाला वाईट वाटलं, कोणाला बरं. आम्हाला दोन्हींतलं काहीच वाटलं नाही. विचारपूस करायला येणारे यायचे थांबले. कंपनीच्या माणसांनी एका दुपारात खांब आडवा केला, तारा गुंडाळल्या आणि सगळं ट्रकमध्ये घालून नेलं. वहिनी पळसाखाली उभी राहून पाहत होती.

त्या संध्याकाळी ती आणि मी अंगणात तूर पाखडत होतो. बाबा बाजेवर बसले होते. बराच वेळ खाकरून ते म्हणाले, "पोरी, आता तुले कुठं जायाचं काम रायलं नाही."

"हाव, मामाजी."

"इथं बसून बसून तू म्हातारी होशीन. तुह्या मनात असन तर चांगलं घर पाहू. मी पायतो."

वहिनीचं सूप थांबलं. आई दारातून बाहेर आली.

"तुमाले काही वाटणार नाही?" वहिनीनं विचारलं.

"वाटन," बाबा म्हणाले. "वाटू दे."

वहिनीनं मान खाली घातली आणि रडली. खूप रडली. आई तिच्याजवळ जाऊन बसली. मी सूप घेऊन उरलेली तूर पाखडली, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

स्थळ दिग्रसचं मिळालं. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा माणूस, पहिली बायको आजारात गेलेली. तिथल्याच विहारात साधंसं लग्न झालं. तिच्या बापाच्या शेजारी बाबाही उभे राहिले, आणि आलेल्या पाहुण्यांना त्यांनी स्वतः वाढलं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी होते. वहिनी निरोप द्यायला स्टँडवर आली होती. बस निघाली. आई पलीकडं बसली होती, तिला बाहेरचं दिसत नव्हतं.

"तिनं हात हालवला काय?" आईनं विचारलं.

"हालवला," मी म्हणाले.

गर्दीत मला ती दिसलीच नव्हती. आईनं मान हलवली आणि पुसद येईपर्यंत झोपली.