रजा, ऊन आणि पाच किलो मटार: लखनौचे बारा दिवस

"तू शेवटची निवांत कधी बसली होतीस गं?" समीरनं, म्हणजे नवऱ्यानं, विचारलं तेव्हा मी डाळींच्या डब्यांवर लेबलं चिकटवत होते. दुसऱ्यांदा. पहिल्या लेबलांचा फॉन्ट मला आवडला नव्हता.

"लखनौला," मी म्हणाले. "तिसरीत असताना."

मस्करीत म्हणाले खरी, पण त्याच रात्री लखनौचं तिकीट काढलं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. चौदाव्या दिवशी मी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. यंदा दिवाळीच्या तोंडावर एका साध्या मीटिंगमध्ये, कोणी काही वावगं बोललेलं नसताना, मला रडू फुटलं. थांबेचना. मग एप्रिलअखेरपर्यंत सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली, आणि पहिल्या दोन महिन्यांत काय केलं? दोन ऑनलाइन कोर्स, सगळी कपाटं, लेकीच्या, म्हणजे मुक्ताच्या, सहावीच्या पुस्तकांना कव्हरं. झोप म्हणाल तर पूर्वीही नव्हती आणि आताही नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी बॉसचा फोन आला. नवीन मोठं काम आलंय, पूर्ण टीम तुझ्या हाताखाली देतो, पण फेब्रुवारीतच जॉइन व्हावं लागेल. "लखनौहून आलीस की सांग." म्हणजे बारा दिवस. उरलेली रजा सोडायची की ती टीम सोडायची, हे ओझं बॅगेबरोबर गाडीत चढलं.

पुण्याहून लखनौला थेट गाड्या आहेत, सव्वीस-सत्तावीस तास लागतात. पण जानेवारीत जाणार असाल तर वेळापत्रक घरीच ठेवून जा. धुक्यानं आमची गाडी सात तास लेट झाली. मी दर दहा मिनिटांनी मोबाईलवर गाडी कुठे आहे ते बघत होते. समोरचे कानपूरचे काका शेवटी वैतागले. "मैडम, आप तो बैठी हैं ना? चलना तो गाड़ी को है।" सोबत घरचं खाणं जास्तीचं ठेवा. माझे सत्तावीस तासांचे ठेपले होते आणि भूक मात्र चौतीस तासांची लागली.

चारबागला उतरले तेव्हा दुपार होती आणि तरी तोंडातून वाफ निघत होती. स्टेशनचे लाल-पांढरे घुमट तसेच. लहानपणी मला तो राजवाडा वाटायचा आणि बाबा आपल्याला राजाकडे घेऊन चाललेत असं वाटायचं. हमालांचा, ऑटोवाल्यांचा गलकाही तसाच. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीपर्यंत ऑटोवाला तीनशे म्हणाला, मी दोनशे म्हटलं, अडीचशेला तो "चलिए दीदी, आप खुश रहिए" म्हणत निघाला. रस्ता दहा-बारा किलोमीटरचाच आहे, पण ट्रॅफिक धरून तास ठेवा.

उतरणार होते विमलकाकूंकडे. त्यांचे यजमान, म्हणजे काका, आणि बाबा दोघेही हवाईदलात, आमची क्वार्टर्स वर-खाली. बाबांची बदली झाली, काका मात्र निवृत्त होऊन इथलेच झाले. मुलगा-सून दोघं नोकरीला, नात राशी कॉलेजात. मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे काकूंच्या मराठीत आमचं गाव आहे, पण "अच्छा, हात धुऊन घे, मग सब्जी गरम करते" असं. राशीला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. मला बुआ म्हणते, म्हणजे आत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांनी मला उठवून चौक नावाच्या जुन्या बाजारात नेलं. "मख्खन मलाई दहापर्यंतच असते, ऊन चढलं की संपली. मी सांगतो तसं कर." दुधाचा केशरी फेस, थंडीतच मिळतो, पानाच्या द्रोणात चाळीस-पन्नास रुपयांना. मी फोटोसाठी द्रोण वर धरला तर काका ओरडले, "मोबाईल ठेव आणि खा!" तोंडात टाकला आणि काही उरलंच नाही, नुसती गोड गार हवा. मला एकदम बाबांची स्कूटर आठवली. पुढे उभी मी, माकडटोपीत, आणि मागून बाबांचा हात माझ्या छातीशी. चौकातल्या त्या गर्दीत मी नाक पुसत उभी राहिले आणि काकांनी दुसरा द्रोण पुढे केला. (गल्ल्या अरुंद आहेत. गोल दरवाजापाशी उतरून चालतच जा, आणि शीरमाळ, म्हणजे तिथली केशरी गोडसर रोटी, घ्यायला विसरू नका.)

जुनी क्वार्टर्स बघायला गेले तर गेटवरच्या जवानानं नम्रपणे परत पाठवलं. पासशिवाय प्रवेश नाही. "मी इथं राहायचे," म्हटलं. "अच्छा जी," म्हणाला, पण गेट उघडलं नाही. दुरून एक पिवळी भिंत दिसली, ती आमची की दुसऱ्या कोणाची कोण जाणे.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

लखनौच्या हिवाळ्यात घरं आतून फ्रिज असतात. लोकरीचे मोजे न्याच. अकरा-साडेअकराला धुकं उठतं, आणि मग अख्खं शहर गच्चीवर चढतं. धूप सेंकायला, म्हणजे ऊन खायला. काकूंच्या गच्चीवर चटई, संत्री, काळं मीठ लावलेले पेरू आणि मधोमध मटारचा ढीग. मागच्या घरातल्या मिश्रा आंटी स्वतःचा मोढा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, घेऊन यायच्या आणि दोघी सोलायला बसायच्या. सोलायच्या म्हणजे काय! एक शेंग उघडायची, चार दाणे तोंडात टाकायचे, मग राशीच्या लग्नापासून कोबीच्या भावापर्यंत गप्पा, मग दुसरी शेंग. दोन दिवस मी बघत होते आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. अहो, पाच किलो मटार तीन दिवस चाललेत!

चौथ्या दिवशी काकू पूजेला बसल्या, आंटी यायच्या होत्या. ठेल्यावरून, म्हणजे हातगाडीवरून, नुकतीच नवी पाच किलोंची पिशवी आली होती. मी बाह्या सरसावल्या. दीड तासात सगळा फडशा. अंगठे हिरवे, पातेलं काठोकाठ, सालं वेगळी बांधून ठेवलेली. फोटो काढून समीरला पाठवला.

काकू वर आल्या. "अगबाई. सगळे?"

"सगळे!" मी शाबासकीची वाट बघत उभी.

तेवढ्यात मोढा घेऊन मिश्रा आंटी आल्या. पातेल्याकडे बघितलं. "अरे, हो गया? चलो, अच्छा हुआ।" मोढा खाली टेकवला. "तो फिर मैं चलती हूँ। घर में काम पड़ा है।" आणि मोढा उचलून गेल्या.

"बुआ, आपने सब छील दिया?" राशी म्हणाली, मी कोणाचा डबा खाऊन टाकल्यासारखी.

घरी कसलं काम? आंटींची दोन्ही मुलं परदेशात, चार खोल्यांत त्या एकट्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. काकूंनी फोन केला तर म्हणाल्या, बिनकामाचं कोणाच्या घरी जाऊन बसायला बरं दिसत नाही. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की विचारू नका. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई, आणि ही चूक समोर बसलेली मला दिसली नाही.

"अगदी भाऊजींवर गेली आहेस," काकू म्हणाल्या. गच्चीवर आम्ही दोघीच होतो.

"बाबांवर? काही काय काकू! बाबा तर तासन्‌तास उन्हात बसायचे. मी मांडीवर डोकं ठेवून पाढे म्हणायचे. मटार सोलत असायचे ते."

"तो एकच हिवाळा," काकू म्हणाल्या. "तुझा सख्खा काका गेला, त्या साली."

काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, गेला हे मला माहीत होतं. पण मी आठ वर्षांची. त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवूनच बघितल्या नव्हत्या.

"तेराव्याहून आले आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर. दोन महिने असेच काढले. मग एका सकाळी बुटाची लेस बांधता बांधता रडायला लागले. थांबेनात. तुझी आई घाबरून मला हाक मारायला आली. मग साठ दिवसांची वार्षिक रजा टाकली. आणि गावी गेले नाहीत! फौजेतला माणूस रजा घेऊन क्वार्टरमध्येच बसलाय, कोणी ऐकलंय का? सगळे विचारायचे, तिकीट नाही मिळालं का? पण गावी गेले असते तर तिथं भावाची सायकल, भावाची खाट. इथं रिकामं बसायची लाज वाटायची त्यांना. उठून पंखे पुसायचे, अंगण झाडायचे. मग तुझ्या आईनं रोज दोन किलो मटार आणायला सुरुवात केली. हातात काम असलं की बसायचे. संपत आले की मी माझ्या घरातले नेऊन ओतायचे."

त्या हिवाळ्यात आम्ही सकाळ-संध्याकाळ मटार खाल्ले होते. मला वाटायचं, बाबांना आवडतात म्हणून. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर हिवाळा होता तो, आणि बाबांच्या आयुष्यातला बहुतेक सगळ्यात वाईट. मी चटईवर बसून मोठ्यानं रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, कोणतीही मीटिंग न थांबवता.

संध्याकाळी साताऱ्याला आईला फोन केला. "तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात?" आई म्हणाली. "माणूस दमला होता, बसला. मग उठला."

दुसऱ्या दिवशी ठेल्यावरून पाच किलो मटार घेतले आणि आंटींचं दार वाजवलं. "आंटी, मटर बहुत ज़्यादा आ गया है। हमसे नहीं होगा।"

त्यांनी पिशवी उचलून बघितली. "इतना कौन लेता है? पूना में मटर लेना नहीं सिखाते?" आणि आत जाऊन मोढा घेऊन आल्या.

गच्चीवर काकूंनी माझ्या हाताकडे बघून एकच सूचना केली. "मनू, हळू."

पुढच्या पाच दिवसांत काय पाहिलं म्हणाल तर बडा इमामबाडासुद्धा राहिला. तहरी खाल्ली, म्हणजे मटार-बटाट्याचा पिवळा भात, वरून तूप. निमोना खाल्ला, वाटलेल्या मटारची झणझणीत आमटी. दोनदा चटईवरच डोळा लागला. जागी झाले तेव्हा अंगावर कोणाची तरी शाल होती आणि आंटींची गोष्ट अजून संपलेली नव्हती.

परतीची गाडी चार तासच लेट होती. सोमवारी सकाळी बॉसला दोन ओळी लिहिल्या: मी एप्रिलअखेरपर्यंत रजेवर आहे, मेमध्ये येते. अर्ध्या तासात उत्तर आलं की टीम दुसऱ्याला दिली आहे. ती मला हवी होती हो. खोटं कशाला बोलू. ज्या कामासाठी इतकी वर्षं घासली ते असं दोन ओळींत गेलं, आणि दुपारभर मी विचार करत राहिले की हा मूर्खपणा तर नाही ना केला. लॅपटॉप उघडला, बंद केला, परत उघडला.

साडेतीनला दाराची बेल वाजली. एकदा, मग परत, मग बोट दाबूनच धरलं. बघते तर मुक्ता, दप्तर पाठीला, चेहरा घामानं लाल.

"अगं, किल्ली हरवलीस का?"

मुक्ताकडे दोन वर्षांपासून स्वतःची किल्ली आहे. रोज स्वतः दार उघडते, स्वतः दूध गरम करून घेते. माझी रजा सुरू झाली तरी तेच करत होती, कारण मी आत कुठल्या तरी कपाटात डोकं घालून बसलेली असायचे.

"नाही," ती म्हणाली आणि खिशातून किल्ली काढून दाखवली. "तू आहेस ना घरी."