हातोडीकाका आणि गिरणीचं इंजिन

हातोडीकाका वाजवून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसत. माठ, टरबूज, नव्या घराची फरशी, काहीही. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्चीसुद्धा ठोकून पाहिली. देवासच्या एका बंद गिरणीत ते बॉयलर फिटर होते. गिरणीच्या फाटकाशी गंजत उभं असलेलं, एकेकाळी रुळांवरून माल ओढणारं वाफेचं छोटं इंजिन त्यांनीच सांभाळलेलं.

ते वाचवायला आम्ही पैसे गोळा करत होतो. गिरणीच्या मालकाने भंगाराच्या भावाएवढे पैसे भरायला महिनाअखेरची मुदत दिली होती, त्यानंतर इंजिन भंगारात. या शहरात पुतळ्यांना चबुतरे मिळतात, राबलेल्या यंत्राला ताडपत्रीही मिळत नाही, असं मी पत्रकात छापलं. ‘इंजिन पुन्हा धावणार’ हेही मीच छापलं. काकांनी वाचून एवढंच विचारलं, "तू आत शिरून पाहिलंस का गं?"

राजगढचे एक शेठ सगळा खर्च द्यायला तयार झाले. अट एकच: उद्घाटनाला वाफ, शिटी आणि मुलांना एक फेरी. मुदतीला चार दिवस उरले असताना ते इंजिन पाहायला आले. काका हातोडी घेऊन फायरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत शिरले आणि बॉयलरचे आतले-बाहेरचे पत्रे धरून ठेवणारे बोल्ट एकेक करून ठोकू लागले. शाबूत बोल्ट खणखणतो, तुटलेला भद्द वाजतो. आधी खण, खण. मग भद्द. पुन्हा भद्द.

काका काजळीने माखून बाहेर आले. "वाफ नहीं भर सकते. बॉयलर नया लगेगा."

"अरे काका, एक दिन की तो बात है," शेठ हसले.

"भिया, फटने को एक मिनट बहुत है. और बच्चे आप बिठाओगे."

शेठ चहा न घेता गेले. मी सगळ्यांदेखत काकांवर तुटून पडले, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? पैसे आले असते, मग बदलला असता बॉयलर."

"तारीख ठरली की बॉयलर कोणी बदलत नाही," ते म्हणाले. "रंग देतात."

दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच दारोदार फिरले. जुनी दरबारी घरं, कारखान्यांच्या कॉलन्या, सगळीकडे एकच बोलणं, "धावणार नाही. नुसतं उभं राहील. तेवढ्यासाठी द्यायचं असेल तर द्या." असं सांगून कोण देतं? तिसऱ्या दिवशी मला लाज वाटली आणि मी सोबत गेले. लोक हसत होते आणि देत होते. मुदतीच्या संध्याकाळी मालकाला भंगाराचा भाव मिळाला. वर पत्र्याचं छप्पर टाकण्यापुरतं आमच्याकडे उरलं.

पुढे काका मुलीकडे नाशिकला कायमचे निघाले. जाताना त्यांनी गाडी गिरणीच्या फाटकाशी थांबवायला लावली. मी तिथे होतेच.

"त्या दिवशी चिडलीस ते काही चुकलं नाही तुझं," ते म्हणाले. जावई दार उघडून खोळंबला होता. "पहिला भद्द वाजला ना, तो बोल्ट मी तीनदा ठोकला. उभ्या नोकरीत कधी कुठला बोल्ट दुसऱ्यांदा ठोकला नव्हता."