दत्ताभाऊच्या गाडीचे मागचे दोन हात

जुनी गाडी खोलली की एक गंमत होते. सगळं परत बसवून झालं तरी डब्यात चार नट उरतात. कुठले, ते कुणालाच आठवत नाही, आणि टाकून द्यायला जीवही होत नाही. आमच्या रविवारच्या मंडळींकडं किस्से तसेच उरलेत राव! गाडी केव्हाच पळायला लागली, पण चहाला बसलो की कुणीतरी तो डबा हलवतोच.

मंडळी चारच. गाडी दत्ताभाऊची, चाकणजवळच्या गावचा गडी, कंपनीतली शिफ्ट सांभाळून शेती करणारा. हत्यारं सलीमभाईंची, भोसरीत त्यांचं गॅरेज आहे. थिअरी सरांची, ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मशिन डिझाइन शिकवतात, पाना मात्र आमच्याकडं येऊन पहिल्यांदा हातात धरला. चौथा मी, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्याच्या चुका काढणारा.

गाडी पन्नाशीची, काळी, बुटकी. दत्ताभाऊच्या चुलत्यांनी हौसेनं घेतलेली. उभी असायची घरामागच्या शेडमध्ये, आणि त्या शेडवर सुनंदावहिनींचा डोळा. वहिनी कंपन्यांतल्या कामगारांची मेस चालवतात. माणसं उन्हात ताटं घेऊन जेवायची. वहिनींनी नवऱ्याला एकदाच सांगितलं, "दिवाळीपर्यंत ही गाडी धड होऊन स्वतःच्या चाकांवर बाहेर गेली तर तुमची. न्हाईतर भंगारवाल्याची!"

\* \* \*

पळताना मागून घूं-घूं असा आवाज यायचा. चाकाचं बेअरिंग गेलं होतं, पण डावं की उजवं? सर म्हणाले, "रेझोनन्समुळं सगळा पत्राच घुमतोय, नक्की सांगता येणार नाही." सलीमभाई उठून मागं गेले. डिकी उघडली, आत आडवे झाले आणि म्हणाले, "बंद करो, और चलाओ."

भोसरीत सिग्नलला थांबलो तर डिकीवर आतून ठकठक! शेजारी उभे असलेले हवालदार दचकले.

"डिकीत कोण आहे?"

दत्ताभाऊ खिडकीतून म्हणाला, "मेकॅनिक हाय, साहेब."

आतून सलीमभाई ओरडले, "डावं गेलंय, दत्ताभाऊ! पक्कं डावं!"

हवालदारांनी डिकी उघडायला लावली. सलीमभाई पत्र्याला कान लावून तसेच पडलेले. हवालदारांनी आत वाकून बघितलं. मग म्हणाले, "डावं गेलंय तर उजवंपण बदला. बेअरिंग जोडीनं बदलतात." आणि शिट्टी मारून आम्हाला पुढं काढलं!

\* \* \*

बेअरिंग काढायचं तर आधी चाकामधला मोठा नट सुटला पाहिजे. उजवा लगेच सुटला. डावा काही केल्या हलेना. पान्याला पाइप लावला. पाइपला दत्ताभाऊ लटकला, मग मी लटकलो. सर वहीत टॉर्क काढत म्हणाले, "अजून साठ किलोचा एक माणूस लागेल." म्हणून सरांनाच लटकवलं. दोन रविवार गेले!

तिसऱ्या रविवारी वहिनी चहा घेऊन आल्या. आम्हाला तिघांना पाइपवर वटवाघळांसारखं लोंबताना बघून म्हणाल्या, "उलटा फिरवून बघितला का? आमच्या मेसच्या मोठ्या सिलिंडरचा नट उलटाच फिरतो."

सलीमभाईंनी उलटा फिरवला. नट सुटला.

म्हणजे दोन रविवार आम्ही तो आवळत होतो! सरांनी वहीचं पान फाडून खिशात घातलं.

\* \* \*

मागची चाकं धरून ठेवणारे दोन लोखंडी हात असतात, त्यांना आर्म म्हणतात. आमचा एक वाकलाय असा संशय होता. मी म्हटलं, आमच्या लॅबमध्ये मोजून आणतो. गेटपास वगैरे रीतसर केला, आर्म टेबलावर ठेवला आणि चहाला गेलो. तेवढ्यात शिफ्ट बदलली. नव्या इन्स्पेक्टरनं टेबलावर गंजलेला, वाकडा पार्ट बघितला आणि त्याला रिजेक्टचा लाल टॅग लावला!

सकाळच्या मीटिंगला मॅनेजरांनी आर्म टेबलावर आपटला. "असला पार्ट आपल्या लाइनवरून बाहेर पडलाच कसा?"

मी तोंड उघडणार, तोच लाइन इन्चार्ज उभा राहिला. "सॉरी सर. ऑपरेटर नवीन होता. त्याला ट्रेनिंग दिलंय. पुन्हा असं होणार नाही."

मॅनेजरांचं समाधान झालं.

आमची कंपनी गाड्यांचे आरसे बनवते!

\* \* \*

नवं बेअरिंग घट्ट बसतं. ते तेलात गरम केलं की जरासं फुगतं आणि अलगद सरकतं. सर म्हणाले, "एकशेदहा डिग्री. एक डिग्री जास्त नको." त्यांनी खास थर्मामीटर आणला होता. वहिनींनी भज्यांचं जुनं, टाकून द्यायचं तेल कढईत ओतून दिलं. बेअरिंग आत सोडलं आणि थर्मामीटरचा सेल संपला.

सर घाबरे झाले. "आता कसं कळणार?"

वहिनींनी चिमूटभर बेसन कालवून थेंब तेलात टाकला. "पीठ अजून दमानं वर येतंय. म्हणजे तुमचं झालंय. झटक्यात वर आलं की भज्यांचं होतं."

सलीमभाईंनी चिमट्यानं बेअरिंग उचललं आणि जागेवर ठेवलं. लोण्यासारखं बसलं! दत्ताभाऊ खूश होऊन दुसरं काढायला गेला, तर वहिनी ओरडल्या, "थांबा वो! दुसऱ्या बाजूनं तळू द्या जरा!"

\* \* \*

आर्म सरळ करून बसवताना चाकाचा कोन जुळवायला पातळ पट्ट्या घालतात, त्यातल्या डाव्या बाजूच्या आमच्याकडून उजवीकडं गेल्या. गाडी रस्त्यावर काढली तर तिचं तोंड आळंदीकडं आणि चाल चाकणकडं. खेकडा! बांधावरून एक म्हातारे बघत होते. "दत्ता, तू नक्की कुठं निघालायस?"

"चाकणला, आप्पा!"

"मग गाडीला सांगितलंय का?"

\* \* \*

शेवटी दिवाळीच्या आधी गाडी सरळ चालली. शेड रिकामी झाली, वहिनींनी तिथं टेबलं मांडली. त्यांनीच गाडीची पूजा केली, पुढं झेंडूचा मोठा हार घातला. पुढं दिवाळी झाली, लग्नसराई सुरू झाली, तरी दत्ताभाऊ रोज ताजा हार घालायचा. त्यातल्याच एका दुपारी आम्ही चौघं मोशीकडं फेरी मारायला निघालो, स्टिअरिंगवर सलीमभाई.

वाटेत मारुतीच्या देवळापाशी नवरदेवाची मिरवणूक. त्यांची भाड्यानं ठरवलेली जुनी गाडी यायची होती. आमचा हार बघून बँड सुरू झाला, लोकांनी दार उघडलं आणि नवरदेवाला सरांच्या आणि माझ्या मध्ये कोंबला! करवलीला जागाच उरली नाही. नवऱ्याचा मामा म्हणाला, "कार्यालयात न्या. आम्ही नाचत येतो."

आम्ही म्हटलं, चांगलं काम आहे, सोडू. कोपरा वळल्यावर नवरदेव हळूच म्हणाला, "काका, सकाळपासून नुसती हळद अन् फोटो. पोटात काही नाही. वडापाव मिळंल का?"

मुहूर्ताला अर्धा तास होता. सलीमभाईंनी आरशात त्याचं तोंड बघितलं आणि गाडी वळवली.

सरांनी दोन्ही हातांनी त्याच्या मुंडावळ्या वर धरल्या. पठ्ठ्यानं चार वडापाव खाल्ले! मग हात धुवायला म्हणून गेला, तो जरा वेळानंच आला.

कार्यालयापाशी पोचलो तर बँड बंद. खरी गाडी दारात उभी. नवरदेव पळाला म्हणून बोंब झालेली. मुलीचे वडील खुर्चीत बसलेले, त्यांना कुणीतरी वारा घालत होतं. मामानं दत्ताभाऊची कॉलरच धरली.

"अवो, वडापाव खायला गेलतो!" दत्ताभाऊ कळवळून सांगत होता. कुणाचाच विश्वास बसेना.

तेवढ्यात नवरी स्वतः बाहेर आली. शालू सावरत, ताडताड. ती नवऱ्यासमोर उभी राहिली आणि तिला त्याच्या मिशीला लागलेली चटणी दिसली.

"खाल्लंस?"

"हं."

"आणि मी?"

नवरदेवानं शेरवानीच्या आतल्या खिशात हात घातला आणि तेलकट कागदाची पुडी काढून तिच्या हातात दिली. तिनं तिथंच, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर, ती उघडली. आतला वडापाव बघितला. मग वर बघितलं.

"आणि मिरची?"