काकडीच्या होड्या

मावशीने आयुष्यभर लोकांना खोटं खायला घातलं आणि टाळ्या मात्र दुसऱ्यांनी घेतल्या. नाटक कंपनीत ती सामान सांभाळायची. तलवारी, टेलिफोन, छत्र्या, सगळं तिच्या ताब्यात. पण खरा जीव खाण्याच्या वस्तूंत. कागदाच्या लगद्याची केळी, प्लास्टरची सफरचंदं, कापसाचा केक. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे आणि रंगमंचावरच्या माणसाने मात्र ओठ लावून सोडून दिलं पाहिजे, असं ते काम.

कंपनीच्या नायकाला सगळे राजे म्हणत, कारण जन्मभर त्यांच्या वाट्याला सिंहासनच आलं. एका प्रयोगात राजे इतके रंगले की प्लास्टरचं सफरचंद त्यांनी खरोखर चावलं. दात गेला, वाक्य नाही गेलं. मध्यंतरात मावशीने नियम घालून दिला: सामानाच्या टेबलावरच्या वस्तूला, ती मी हातात देईपर्यंत, कुणी बोट लावायचं नाही. तो नियम सगळ्यांच्या असा अंगवळणी पडला की घरी गेल्यावरही काही जण बायकोने ताट पुढे केल्याशिवाय जेवायला बसत नसत, असं म्हणतात.

कंपनी बंद पडली. मावशी एका खोलीत राहू लागली. उजेडाची खिडकी, भिंतीला ब्रशांची रांग, कोपऱ्यात ओटा. तिला ती खोली राजवाड्यापेक्षा प्यारी. पण एकदा दूध उतू जाऊन जळलं, भांडं काळं ठिक्कर पडलं, आणि मावशी मात्र खिडकीशी एका लाकडी चमच्याला रंग देत बसलेली. वास तिला आलाच नाही. लेक धावत आली. आल्या आल्या शेगडी काढून घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी विषय काढला.

"आई, आता माझ्याकडे चल. इथे शेगडी नाही, तू खाणार काय?"

"हवा."

"चेष्टा नको करूस. मला रात्र रात्र झोप लागत नाही."

हे खरं होतं, म्हणून मावशीने चेष्टा सोडली. मग म्हणाली, "राजांचा वाढदिवस आहे. मी इथेच करते, शेगडीशिवाय. सगळे पोटभर खाऊन गेले तर हा विषय परत काढायचा नाही."

"आणि ताटं तशीच राहिली तर?"

"तर तू म्हणशील तेव्हा पेटी भरते."

लेकीने मान डोलावली. तिला वाटलं, ब्रेडला लोणी फासून मोकळी होईल म्हातारी. आईला ती ओळखत नव्हती असं नाही. पण जित्याची खोड किती खोल असते, हे पोटच्या मुलांनाही कधी कधी उशिरा कळतं.

सकाळपासून मावशीचा कारखाना सुरू झाला. काकड्या उभ्या चिरून, गर कोरून, आत घट्ट दही आणि पुदिना भरला. चीजचे पातळ त्रिकोण टूथपिकवर ओवले आणि शिडं उभारली. झाल्या होड्या. छोट्या टोमॅटोंचे अर्धे तुकडे चीजच्या ठोकळ्यांवर टोपीसारखे बसवले, त्यावर दह्याचे ठिपके दिले. झाली अळंबी. काळ्या ऑलिव्हला गाजराची चोच आणि गाजराचेच पाय, पोटात पांढरं चीज: पेंग्विनांची पलटण. प्रत्येक घास एवढाच, की तोंडात टाकल्यावर पुढचं वाक्य अडू नये. मग ती दोन पावलं मागे सरली, डोळे बारीक केले. कुठेतरी रंग कमी वाटला. तिने नवा ब्रश घेतला, तेलात बुडवला आणि एकेका होडीवरून हलकेच फिरवला. सगळं लखलखलं. एक होडी दुसरीपेक्षा केसभर लहान नाही, मोठी नाही.

संध्याकाळी कंपनीतली जुनी मंडळी आली. राजे काठी टेकत, प्रॉम्प्टर नेहमीप्रमाणे कुजबुजत, नायिकाबाई केसांत फूल माळून. लेक दाराशी स्टुलावर बसली. टेबलावरचा कपडा दूर झाला तशी सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. फक्त बोटंच.

"मावशी, हात अजून तसाच आहे गं," नायिकाबाई म्हणाल्या. "ही काकडी तर अगदी खरी वाटते."

"सालीवरच्या रेघासुद्धा," प्रॉम्प्टर कुजबुजला. "कशाच्या केल्यात? मेणाच्या?"

राजे दोन्ही हात पाठीमागे बांधून लांबूनच वाकले. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. हे तर प्लास्टरने पोळलेले. "सुंदर," ते म्हणाले. "जेवण कधी आहे?"

लेकीने आईकडे पाहिलं. मावशीचा चेहरा उतरला होता.

"अहो, खरंच आहे. खा ना," ती म्हणाली आणि एक पेंग्विन उचलून स्वतः खाल्ला.

"वा," प्रॉम्प्टर म्हणाला, "गिळलं बघा कसं. हिने सामान सांभाळण्यात जन्म फुकट घालवला. नटी व्हायला हवं होतं."

सगळे हसले. पोटात कावळे ओरडत असलेली ती म्हातारी मंडळी शिस्तीत, हात आवरून, टेबलाभोवती उभी. मावशीने पदराने हात पुसले. तिच्या ध्यानात आलं, ही माणसं आपल्यावर अविश्वास दाखवत नाहीयेत. आपलाच शब्द पाळतायत. तिने एक होडी उचलली, राजांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, विंगेत उभी राहायची तशी.

"राजे, हात."

पाठीमागचा हात आपोआप पुढे आला. होडी तळव्यावर ठेवली गेली.

"तोंडात. आणि मग वाक्य."

राजांनी डोळे मिटले आणि घास घेतला. काकडी कर्रकन वाजली. बराच वेळ ते चावतच राहिले.

"वाक्य विसरलो," ते म्हणाले. "दुसरी द्या."

मग मावशी प्रत्येकासमोर गेली, प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत. दुसऱ्या फेरीला कुणी तिची वाट पाहिली नाही. प्रॉम्प्टरने पेंग्विन खिशात टाकताना नायिकाबाईंनी त्याला पकडलं आणि त्यातला अर्धा वाटा मागून घेतला.

मंडळी गेल्यावर लेक रिकाम्या ताटल्या धुऊ लागली. मावशी पलंगावर पाय लांब करून बसली.

"दही कुठे ठेवलं होतंस एवढं?" लेकीने पाठमोरीच विचारलं.

"शेजारणीकडे. माझ्या फ्रीजमध्ये मावत नाही."

लेकीने शेवटची ताटली पुसली, फ्रीज उघडून आत पाहिलं आणि बंद केला. "लहानच आहे हा," ती म्हणाली. "रविवारी मोठा बघायला जाऊ."

"डाव्या हाताला दार उघडणारा बघ," मावशी म्हणाली. "या भिंतीला तसाच बसेल."