आप्पांनी बांधलेली जर्मन भिंत

जर्मनीतल्या एका छोट्या गावाचं युद्धस्मारक आम्ही बापलेकांनी एका रविवारी दुरुस्त केलं.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी तिथल्या कारखान्यात फिटर होतो आणि भांडगावचे नामांकित गवंडी, म्हणजे माझे वडील आप्पा, मला भेटायला आले होते. (सामानात दोन धोतरं, शेंगदाण्याची चटणी, थापी आणि ओळंबा. हत्यारांशिवाय आप्पा लग्नालाही जात नसत!) फिरायला निघालो, तर चौकात पडकं चर्च. छप्पर नाही, भिंतीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड, खाली दगड पसरलेले.

"आरं, देवाचं घर आसं उघडं?" आप्पा कळवळले. "आन् ही मान्सं मोटारी फिरवत्यात!"

"आळशी लोकं हायेत, आप्पा," मी म्हणालो. (दोन वर्षं मी रोज तिथून जात होतो. तिथली पाटी एकदाही वाचली नव्हती!)

"आपल्या गावात देऊळ पडलं तर काय करतो आपुन?"

"श्रमदान."

"मंग?"

मग काय! मी सिमेंट आणलं, माल कालवला, वर दगडही उचलू लागलो. दहा वाजेपर्यंत आप्पांनी कमरेएवढी भिंत चढवली. लोक जमले. मला वाटलं, कौतुकानं बघतायत. मी हातसुद्धा हलवला! तेवढ्यात पोलीस आला आणि त्याच्यामागून काठी टेकत एक म्हातारी.

"ही भिंत बॉम्बनं पडली," ती म्हणाली. "माझी बहीण आत होती. पुन्हा कुणी युद्ध करू नये, म्हणून आम्ही ती अशीच ठेवली आहे."

पोलिसानं माझा कामाचा परवाना मागून घेतला. नोकरी गेली, आता थेट भांडगाव! आप्पांना मी हे सगळं सांगितलं.

आप्पांनी थापी खाली ठेवली आणि म्हातारीला हात जोडले.

"माउलीला सांग, माल आजून वला हाय. दगूड न् दगूड व्हता तिथं ठिवतो."

"आप्पा, शंभरेक दगड हायेत!"

"मी गवंडी हाय का न्हाई?"

तीन तास लागले. प्रत्येक दगड धुतला, पुसला, होता तिथं, होता त्याच बाजूवर ठेवला. नगरपालिकेचा साहेब जुना फोटो घेऊन आला आणि एकेक दगड ताडून पाहू लागला. म्हातारी आप्पांचा सिमेंटनं माखलेला हात धरून उभी होती. अभिमानानं माझा ऊर भरून आला. साहेबानं पोलिसाकडचा परवाना मला परत दिला आणि आप्पांना वाकून नमस्कार केला.

"कमाल आहे!" तो म्हणाला. "एकच दगड चुकलाय."

तो मी ठेवला होता.